नवऱ्याच्या चपलेची माती

दुसऱ्याच्या नवऱ्याच्या चपलेची माती तपासणं हे शांत डोक्याचं काम आहे. डॉ. केतकी देवळे ते गेली काही वर्षं इतक्या शांत डोक्यानं करत होती, की मृदा केंद्रातली नवी मुलं तिच्या टेबलाजवळ चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवत. पोलीस एखाद्या संशयिताचे बूट पिशवीत घालून आणून देत. केतकी तळव्याची माती खरवडून यंत्रात घाली, आणि दुपारपर्यंत नकाशावर एक ठिपका उमटे. हा माणूस अमुक गावच्या, अमुक ओढ्याच्या अलीकडच्या शेतात उभा होता. मागच्याच महिन्यात शेतातले सोलर पॅनेल पळवणारा एक जण असा सापडला. तो आईची शपथ घेऊन सांगत होता, की त्या शिवारात मी पाऊलही ठेवलेलं नाही. बूट मात्र ठेवलं म्हणत होते, आणि बुटांचं खरं धरलं गेलं. केंद्रात त्या दिवशी पेढे वाटले.

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला ‘वाचक’ म्हणत. वाचकाची करामत समजायला फार शास्त्र लागत नाही. मांजरेच्या खोऱ्यात दगड सगळीकडे एकच, काळा बेसॉल्ट. पण त्या एकाच दगडाची माती दर कोसाला निराळी होते. तिला निराळं करतात ते ऊन-पाऊस आणि उतार. माळाच्या माथ्यावर दगड झिजतो, पण झिजलेलं सगळं पाणी खाली ओढून नेतं, म्हणून तिथं वीतभर मुरमाड जमीन. खाली सखल भागात तेच बारीक होऊन साठतं आणि पुरुषभर खोल काळी जमीन होते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. पाऊस कमी असेल तर मातीतला चुना वर राहतो, जास्त असेल तर खोल उतरतो. हजारो वर्षांचं हे सगळं मातीच्या कणाकणात राहून जातं.

पूर्वी ते वाचायला माणूसभर खड्डा खणावा लागे आणि त्यात उतरून थर न् थर बघावा लागे. वाचकाला चिमूटभर माती पुरे. तो तिच्यातली खनिजं, चुना, क्षार, कार्बनचे प्रकार मोजतो. मग हवामानाचा जुना इतिहास घेतो, उपग्रहांनी मोजलेले चढउतार घेतो, आणि विचारतो: अशी माती किती पावसात, किती उन्हात, उताराच्या कोणत्या पायरीवर तयार होऊ शकेल? तिन्ही बाजूंनी आवळत आणलं की शेवटी एकच जागा उरते. ‘माणूस खोटं बोलतो, माती जागची हलत नाही,’ असं केतकी भाषणात म्हणायची. साहेबांना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते केंद्राच्या भिंतीवर रंगवून घेतलं.

वाचकाला शिकवलंही तिनंच. नमुने गोळा करणाऱ्यांना तिची ताकीद होती: रस्त्याकडेची, बांधालगतची, भराव टाकलेली माती आणायची नाही. जिला माणसाचा हात लागला ती माती बिघडलेली, तिच्यावरून जमिनीची ओळख पटत नाही. हा काही तिच्या एकटीचा सोवळेपणा नव्हता. जगभर माती मोजणारे हेच शिकतात आणि हेच शिकवतात.

चोर पकडणं हा वाचकाचा जोडधंदा. खरं काम जमिनीला प्रत लावण्याचं. प्रतीवर पीकविमा ठरे, प्रतीवर कालव्याची पाळी ठरे. केतकीचे वडील, अण्णा सोळुंके, यांच्या हिवरवाडीच्या जमिनीला वाचकानं पाचवी, म्हणजे शेवटची प्रत दिली. माळाच्या उतारावरची मुरमाड जमीन, दुसरी काय देणार? त्या कागदावर सहकाऱ्याची सही चालली असती. केतकीनं स्वतःची केली. आपण बापासाठीसुद्धा नियम वाकवत नाही, हे तिला चारचौघांत दिसायला हवं होतं. अण्णांची सगळी हयात एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं उघडण्यात गेली होती. निवृत्त होऊन ज्या जमिनीकडे ते आले, तिला पोटच्या पोरीनं नावं ठेवली. त्यांनी तिचा फोन घेणं बंद केलं. केतकीही चारदोनदा लावून थांबली. खाण तशी माती. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

इथवर सगळं शांत डोक्यानं चाललं होतं.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचा नवरा पराग तालमीला जायला लागला. पराग ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि हौसेनं एकांकिका बसवायचा, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते त्याच्या परत येण्यात. रविवारी ऊन उतरल्यावर तो घरी यायचा तो शीळ वाजवत. चेहरा रापलेला, भूक दुप्पट. जेवला की लगेच घोरायला लागायचा. पूर्वी तालमीहून आला की कुणी कसे संवाद खाल्ले याची रडगाणी ऐकायला लागायची. आता रडगाणं बंद.

एका रविवारी दारात त्याच्या चपला उलट्या पडल्या होत्या. तळव्याला काळीकुट्ट माती, वाळून पापुद्रे धरलेली.

“काय रे, हॉलमध्ये नांगरट चाललीय का?”

“हं? अगं, मागच्या मैदानातून आलो. पाणी मारलं होतं त्यांनी.”

“असं होय,” केतकी म्हणाली.

त्या मैदानावर तांबडा मुरूम पसरलेला होता. शहरातल्या कुठल्याही मैदानाची माती केतकीला झोपेत विचारली तरी सांगता आली असती. परागला हे ठाऊक होतं, तरी तो हे बोलला. म्हणजे एकतर तो मूर्ख होता, नाहीतर त्याचं लक्ष भलतीकडे होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तो मूर्ख नाही याची तिला खात्री होती. कुठंतरी पाणी मुरत होतं.

खासगी नमुने वाचकात घालायचे नाहीत, असा केंद्राचा नियम होता. तो केतकीनंच लिहिला होता. सोमवारी सकाळी तिनं बाथरूमचं दार लावून घेतलं, भाजीच्या सुरीनं चपलेची माती खरवडली आणि होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरली. बाटलीवर लिहिलं, ‘घरची कुंडी’.

प्रयोगशाळेत तिनं ती कुटली आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली. चाळणीवर थोडे तांबूस खडे उरले. खडे म्हणजे माती नव्हे, प्रयोगशाळा फक्त खाली पडलेल्या बारीक मातीची चौकशी करते. तिनं ते नियमाप्रमाणे कचऱ्यात झटकले.

“मॅडम,” सूक्ष्मदर्शकावर बसलेली नसरीन म्हणाली, “तुमच्या कुंडीत गोगलगाई झाल्यात का? शिंपल्यांचा चुरा आहे बघा यात.”

“झाल्या असतील. मीठ टाकायला पाहिजे.”

“मीठ नका टाकू, माती खराब होईल,” नसरीन भाबडेपणानं म्हणाली आणि कामाला लागली.

दुपारी ठिपका उमटला. उंबरदरा तलाव, तलावाचं पोट. वाचकाला खात्री होती, आणि खात्री असली की वाचक ठिपक्याचा रंग गडद करतो. हा ठिपका डांबरासारखा होता.

उंबरदऱ्याला परागचं काय काम, हा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. केतकीला पडला नाही. उंबरदरा तलावाच्या काठावर मत्स्यबीज केंद्र होतं आणि ते शलाका माने चालवत होती. कॉलेजच्या नाटकांत पराग नायक आणि शलाका नायिका. अजूनही कुठल्या मुलीचं काम आवडलं नाही की पराग म्हणायचा, “शलाकासारखी एंट्री घेणारी पुन्हा झाली नाही.” हे वाक्य केतकीनं लग्नानंतर इतक्यांदा ऐकलं होतं, की तिला ते ऐकूच येईनासं झालं होतं. आता ते कानात घणघणायला लागलं.

मत्सर असा चोरपावलांनी येतो, असं लोक म्हणतात. केतकीकडे तो बँडबाजा लावून आला. त्या संध्याकाळी तिनं शलाकाचे फोटो शोधून काढले. पाण्यात गुडघाभर उभी, बाह्या दुमडलेल्या, हातात जाळं, आणि तोंडभर हसू. बारीक म्हणावी अशी नव्हतीच, आणि त्याचाच केतकीला जास्त राग आला. वजन सांभाळण्यासाठी ती स्वतः वर्षानुवर्षं रात्री फक्त सूप पीत होती. शुक्रवारी परागनं हौसेनं रोहू आणला, तर ती म्हणाली, “माझ्या घरात आता मासा शिजणार नाही.”

“का? काय झालं?”

“वास येतो. माणसाच्या अंगाला बसतो.”

परागनं स्वतःचा शर्ट हुंगून बघितला. हे तिनं बघितलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या रविवारी, सरळ विचारून बघावं म्हणून, ती जेवताना म्हणाली, “आजच्या तालमीतला एखादा संवाद म्हणून दाखव ना.”

पराग वरणफळं ओरपत होता. घास गिळून त्यानं हात उंचावला. “हे राज्य माझं आहे! आणि या राज्यात… या राज्यात कुणीही उपाशी झोपणार नाही!”

“राजाचं नाटक आहे? परवा म्हणालास रिक्षावाल्याचं आहे.”

“हो, तो… रिक्षावालाच स्वतःला राजा समजतो. प्रतीकात्मक आहे.”

“छान आहे,” केतकी म्हणाली. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं. तिला त्या तलावाचा मत्सर वाटत होता, त्या काठाचा, त्या चिखलाचासुद्धा. नवऱ्याच्या तळव्याला चिकटून तो तिच्या घरात येत होता आणि दारात निवांत वाळत पडत होता.

त्या रविवारची माती तिनं पुन्हा वाचकात घातली. पुन्हा चाळली, पुन्हा खडे झटकले. ठिपका तिथंच, तसाच गडद.

नंतरच्या रविवारी पराग बाहेर पडला तशी तिनं साडी बदलली, काजळ घातलं, ते पुसलं, पुन्हा घातलं, आणि गाडी उंबरदऱ्याच्या रस्त्याला लावली. वाटेत तिनं काय बोलायचं ते ठरवलं. पहिलं वाक्य फारच चांगलं होतं.

तलावात पाणी असं नव्हतंच. मधोमध एक डबकं आणि भोवती उघडं पडलेलं काळं पोट. त्या पोटात पोकलेन उतरले होते. ट्रॅक्टरांची रांग काठापर्यंत लागली होती, आणि भरलेल्या ट्रॉल्या धूळ उडवत चढण चढत होत्या. केतकीनं त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही. तिचे डोळे परागची मोटरसायकल शोधत होते.

काठावरच्या पत्र्याच्या शेडखाली शलाका प्लास्टिकच्या टाक्यांवर वाकली होती. बोटाएवढ्या पिल्लांचे काळे पुंजके पाण्यात सळसळत होते.

“पराग कुठंय?” केतकी म्हणाली. ठरवलेलं वाक्य हे नव्हतं.

शलाकानं हात पुसत वर बघितलं. “कोण पराग?”

“पराग देवळे.”

“पराग देवळे!” शलाकाच्या चेहऱ्यावर खरंखुरं हसू आलं. “अहो, तो मला शेवटचा भेटला तो माझ्या लग्नात. अन् ते लग्न मोडूनसुद्धा जमाना झाला. का? काय झालं त्याला?”

“त्याच्या चपलेला तुमच्या तलावाची माती आहे.”

शलाकाचं हसू हळूहळू गेलं. “म्हणजे तुम्ही केतकी. त्या मशीनवाल्या. आणि नवऱ्याच्या चपला तपासून इथं माझ्या दारात आलात?”

“माझ्याकडे इथला ठिपका आहे.”

“ठिपका?” शलाकानं तिचा दंड धरून तिला शेडबाहेर आणलं. “ते बघा. सगळा उन्हाळा ह्या तलावाचा गाळ गावोगाव चाललाय. ज्याच्या वावरात पडतो त्याच्या पायाला लागतो. तुमच्या हिशेबानं निम्मा तालुका रोज माझ्या घरी येऊन जातो म्हणायचा!”

एक ट्रॉली त्यांच्या समोरून वर गेली. ओल्या काळ्या गाळात पांढरे शिंपले चकाकत होते. त्यांच्याकडे बघताना केतकीच्या लक्षात सगळं एकदमच आलं. गोगलगाईंचा चुरा. चाळणीवरचे तांबूस खडे, ते तर माळावरचा मुरूम होते, पराग जिथं उभा होता तिथली खरी साक्ष, आणि ती तिनं दोन्ही वेळा आपल्या हातानं कचऱ्यात झटकली होती. माती जागची हलत नव्हती हे खरं, पण माणसं ती ट्रॉलीत भरून नेत होती, पिढ्यान् पिढ्या नेत आली होती, आणि तिनं वाचकाला ते कधी दाखवलंच नव्हतं. माणसाचा हात लागलेली प्रत्येक माती तिनं दाराबाहेर ठेवली होती. वाचकाच्या लेखी जगात ट्रॅक्टर नव्हते.

“कुठं कुठं जातो गाळ?” तिनं विचारलं.

“कुठं जात नाही ते विचारा.” तिचा पांढरा पडलेला चेहरा बघून शलाका जरा निवळली. “बसा. पाणी घ्या. हिवरवाडीचे एक म्हातारे तर दर रविवारी येतात, एसटीत होते म्हणे. पोकलेनवाल्याशी भांडून मधला चांगला गाळ घेतात. त्यांचा जावई वावरात थांबून पसरतो. जावयाचं काय कौतुक त्यांना! माझा परागराव असा, माझा परागराव…” ती थांबली. “अगं बाई. तोच की काय?”

केतकीनं पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता. “मुलीबद्दल काय म्हणतात ते?”

“मुलगी?” शलाका अवघडली. “खरं सांगू? मला वाटलं मुलगी वारली असेल. नाव कधी निघालंच नाही.”

शलाकाबद्दलचा मत्सर गाडीत बसेपर्यंत गळून पडला होता. बरं वाटायला हवं होतं. गाडी हिवरवाडीच्या फाट्याला वळेपर्यंत वाटलंही. मग त्या सोलर पॅनेलवाल्याचे बूट डोळ्यासमोर आले. त्यातले खडेही तिनंच झटकले होते. तो आईची शपथ घेत होता. उद्या साहेबांसमोर जाऊन हे सांगावं लागणार होतं, आणि ते कसं कळलं हेही. तरी त्याहून खोल काहीतरी दुसरंच टोचत होतं. दर रविवार. माझा परागराव. मुलीचं नाव नाही.

अण्णांचं वावर उतारावर होतं. वरच्या अंगाला तांबडा माळ, आणि खाली काळ्या गाळाचे ढीग ओळीनं. बोरीच्या झाडाखाली ट्रॉली उभी होती. पराग तिच्या दांड्याखाली उताणा पडला होता, हातात पाना. अण्णा उकिडवे बसून त्याला सांगत होते, “जोर लावू नका परागराव. आदी बोल्टचा आटा बसू द्या. आटा बसला की पाना आपोआप फिरतो. हां! अस्सं! शाब्बास रे पठ्ठ्या!”

केतकी बांधावर थांबली. लहान असताना वर्कशॉपात घेऊन चला म्हणून ती अण्णांच्या सायकलीमागे रडत पळायची. पोरीच्या जातीचं ते काम नव्हे, असं अण्णा म्हणायचे. पुढं ती शिकली, पहिली आली, डॉक्टरेट झाली, आणि ‘शाब्बास’ हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. आता तो एका फिजिक्सच्या मास्तराला आटा बसवल्याबद्दल मिळत होता. शलाकाचा मत्सर हा याच्यापुढे पोरखेळ होता. हा जुना होता, हाडातला होता.

“तालीम बरी चाललीय,” ती मोठ्यानं म्हणाली.

पराग उठायला गेला आणि त्याचं डोकं दांड्याला आपटलं. “केतकी! मी सांगणार होतो तुला.”

“मीच नको म्हणलो,” अण्णा म्हणाले. ते जागचे हलले नाहीत. “तिला सांगाल तर वावरात पाय ठेवू नका म्हणलो. तू कशाला आलीस? अजून खालची प्रत निघाली का एखादी?”

“तुला कळलं कसं?” परागनं विचारलं.

“चपलेवरून.”

“कुणाच्या?”

“तुझ्या. मी माती काढून वाचकात घातली. वाचक म्हणाला, उंबरदरा. मग मी शलाकाकडे जाऊन आले.”

परागला ते समजायला वेळ लागला. समजलं तसा तो पाना पुसायला लागला. “मला विचारायचं सोडून तू माझा नमुना काढलास?”

“विचारलं होतं. रिक्षातून राजा निघाला.”

“मी तुमचं दोघांचं मिटवायला आलो होतो,” पराग म्हणाला. “पहिल्यांदा. मग… मग मला इथं आवडायला लागलं. मला वडील आठवत नाहीत, केतकी.”

अण्णांचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ते एकाच गोष्टीपाशी अडकले होते. “थांब जरा. ह्या वावरातली माती मशीनमधी गेली? अन् मग काय म्हणलं मशीन?”

“खोल काळी,” केतकी म्हणाली. “पहिल्या प्रतीची.”

“पैली?” अण्णा उभे राहिले. “ऐकलं का परागराव? पाचवीची पैली! मशीनच म्हणतंय, मी नाही!” त्यांनी परागच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढे झुकला. म्हातारा हसत होता, आणि एवढं हसताना केतकीनं त्यांना आईच्या हयातीत पाहिलं होतं, नंतर नाही.

तिला गप्प बसता आलं असतं. सोमवारपर्यंत तरी नक्कीच. पण थाप परागच्या पाठीवर पडली होती.

“ती तुमची माती नाही, अण्णा. यंत्र फसलं. वर वीतभर गाळ ओतलाय आणि खाली तोच मुरूम आहे. उद्या मी वाचकाला गाळ ओळखायला शिकवणार, आणि मग तुमची प्रत पुन्हा पाचवीच येणार.”

अण्णांचं हसू विझलं. त्यांनी पायाखालच्या ढेकळाकडे बघितलं.

“तुला खरं सांगायचं नव्हतं,” पराग हळू म्हणाला. “तुला त्यांना दुखवायचं होतं.”

“हो!” केतकीचा आवाज फाटला. “दोन वर्षं माझा फोन घेत नाहीत आणि तुला पाना धरायला शिकवतात. परक्या बाईला वाटलं मी मेले. जळते मी, कळलं? तुझ्यावर जळते. पुरे का एवढं?”

“अण्णा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” पराग पुढे होऊन म्हणाला. त्यानं अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. “मी हिला घरी घेऊन जातो. राहिलेला ढीग आपण पुढच्या रविवारी…”

“तू थांब रे,” अण्णा म्हणाले. परागराव गेला आणि नुसता ‘तू’ उरला, हे दोघांनाही ऐकू आलं. “बाप-लेकीच्या मधी पडू नगंस. दोन वर्सांनी भांडायला आलीय ती. भांडू दे.” मग ते केतकीकडे वळले. “वीतभर म्हणलीस? कशावरून? घरी बसून मोजलीस का? खालच्या अंगाला हातभर हाय. खण अन् दाव मला.” त्यांनी परागजवळचं फावडं उचललं आणि तिच्यापुढे धरलं.

केतकीनं पदर खोचला. काळा गाळ मऊ निघत गेला आणि मग फावडं खडखडलं.

“हा बघा मुरूम.”

“ते बांधाकडं हाय म्हणून. मधी ये.”

मध्येही मुरूम लागला, पण जरा उशिरा. केतकीनं ढेकूळ हातात घेतलं, थुंकीनं ओलं केलं आणि चिकणपणा बघायला चिमटीत दाबून त्याची पट्टी ओढली. “गाळ चांगला आहे,” ती नाइलाजानं म्हणाली. “पण असा मोकळा पसरून काय उपयोग? उतार बघा कुणीकडे आहे. मोठा पाऊस झाला की सगळा फुकट ओढ्याला जाईल.”

“मग काय करावं? इचार तुझ्या मशीनला.”

“मशीनला कशाला विचारायचं? मी सांगते. उताराला आडवे ताल घाला, दगडाचे बुटके बांध. आणि गाळ नुसता वर ठेवू नका, मुरमात कालवा. मुळं खाली उतरली, वर पालापाचोळा कुजत राहिला, तर ही जमीन गाळ धरील. मग प्रत बदलेल. खरी बदलेल, पण वर्षं लागतील.”

“किती?”

“तुम्ही माझं ऐकलंत तर कमी.”

अण्णांनी खड्ड्यात वाकून बघितलं. बिघडलेल्या इंजिनात ते असेच वाकायचे, ओठ आवळून, मागचं जग विसरून. “ताल कुठून धरायचा? दाव,” ते म्हणाले. केतकी उतारावर चालत दाखवायला लागली आणि ते तिच्या मागून चालायला लागले, दर चार पावलांवर हरकत घेत.

“अण्णा,” झाडाखालून पराग म्हणाला, “ट्रॉलीचा बोल्ट पक्का करून घेऊ का?”

“ऱ्हाऊ दे,” अण्णा मागं न बघता म्हणाले.

केतकीनं मात्र मागं बघितलं. पराग पाना हातात घेऊन उभा होता. पाना ठेवावा की धरावा, हे त्याला ठरवता येत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिला चांगलं ओळखीचं होतं. गेले काही आठवडे तिनं आरशात दुसरं काही पाहिलं नव्हतं. त्याची दया यायला हवी होती, निदान थोडी. पण खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

“अण्णा, इकडे या, हे बघा,” ती म्हणाली, झाडाखाली ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.